पूर्वाश्रमीचे प्रेम

२०१७ सालच्या जानेवारीत सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता त्याचे नाव चित्रपटाहूनही अधिक गाजले. ज्यांनी तो पाहिला नव्हता त्यांच्याही तोंडी ते चार शब्द बसले. व्हॉट्सॲपवर त्यावरून विनोद झाले, कविता झाल्या, शाळेच्या जुन्या वर्गसोबत्यांचे समूह दिवसरात्र त्याच चर्चेत रंगले. अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या लोकलमध्ये वीस-पंचवीस वर्षे मुकाट्याने हजेरी लावलेल्या, चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांना जणू एकाएकी कंठ फुटला. दोन वेण्या घालणारी, स्नेहसंमेलनात नांदी म्हणणारी, बसथांब्यावर एकदाच वळून पाहणारी अशी कोणी ना कोणी प्रत्येकाच्या आठवणीतून बाहेर आली आणि बायकामुलांच्या देखत तिची चौकशी झाली. घरोघरी हशा पिकला. बायकाही त्या हसण्यात सामील झाल्या.

तथापि याच प्रश्नाची दुसरी बाजू त्या घरांत तितक्याच मोकळेपणाने पुढे आली काय? ‘तो सध्या काय करतो?’ असेही काही विनोद त्या दिवसांत फिरले, नाही असे नाही. पण ते बहुधा उत्तरादाखल केलेले विनोदच होते. रात्री जेवताना आमटीची वाटी पुढे सरकवीत एखाद्या गृहिणीने आपल्या महाविद्यालयीन मित्राची सहज आठवण काढावी आणि नवऱ्याने ती हसून ऐकावी, असे दृश्य किती घरांत दिसले असेल? पुरुषाची जुनी प्रीती ही गंमत ठरते आणि स्त्रीची जुनी प्रीती हा खुलासा मागण्याचा विषय ठरतो. एकाच अनुभवाला समाज असे दोन भाव का लावतो, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. त्याच्या एका टोकाला निरुपद्रवी हळहळ आहे आणि दुसऱ्या टोकाला रॉकेलचा डबा आणि ॲसिडची बाटली आहे.

भाषेतली अडचण

या भेदाची पहिली खूण भाषेतच सापडते. ज्याच्यावर एके काळी प्रेम केले आणि आता ज्याच्याशी काही नाते उरलेले नाही, अशा माणसासाठी मराठीत नीटसा शब्दच नाही. ‘माजी’ हे विशेषण आपण आमदार, नगरसेवक आणि कर्णधार यांच्यासाठी राखून ठेवले आहे. ते प्रियकराला लावले की त्याने राजीनामा दिल्यासारखे वाटते. नव्या पिढीने ‘एक्स’ म्हणून सुटका करून घेतली. पण त्या अक्षरात नात्याचा काही ओलावा नाही, ते नुसते खोडल्याचे चिन्ह आहे.

याउलट स्त्रीच्या पूर्वायुष्याला नावे ठेवण्यासाठी मात्र शब्दांची मुळीच टंचाई नाही. त्याचे ‘प्रेम’ असते, तिचे ‘प्रकरण’ असते. लग्न ठरविताना मुलाबद्दल ‘कॉलेजात थोडी मजा केली असेल’ असे समजुतीने म्हटले जाते. मुलीबद्दल मात्र ‘भानगड’ नव्हती ना, याची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे दबक्या आवाजात चौकशी होते. आणि पुढे कधी दोघांची रस्त्यात गाठ पडलीच, तर कडेवरच्या मुलाला तिने ‘हा बघ मामा’ असे सांगावे, हा विनोद तर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. त्याला हसताना त्यातली गोम सहसा लक्षात येत नाही. परपुरुषाशी असलेली ओळख स्त्रीला कोणत्या तरी निर्धोक नात्याच्या नावाखाली नोंदवावी लागते. मैत्री किंवा स्मृती एवढे कारण पुरेसे होत नाही. पूर्वी चाळींमधून एखाद्याचे मन जरा जास्त गुंतते आहे असे दिसले की घरच्या वडीलधाऱ्या बाया मुलीच्या हातून त्याला राखी बांधवून घेत. एका सुताच्या धाग्याने त्या सारा प्रश्न निकालात काढीत.

‘पूर्वाश्रमीची’ हा शब्दही असाच बोलका आहे. लग्न झालेल्या स्त्रीचे माहेरचे नाव सांगताना तो वापरला जातो. संन्यास घेणाऱ्याचे पूर्वायुष्य संपते, तसे लग्नाने तिचेही संपले असे जणू गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातील अनेक घरांत तिचे आडनावच नव्हे, तर जन्मनावही बदलत असे. ताम्हनात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि अठरा-वीस वर्षे ज्या नावाला ती ‘ओ’ देत आली, ते त्या दिवसापासून मिटे. ही चाल आता पुष्कळ मागे पडली आहे; पण आज जे पन्नाशी-साठीत आहेत त्यांच्या पिढीतील असंख्य स्त्रिया दुसऱ्याच नावाने जगत आहेत. ‘ती सध्या काय करते’ हे शोधू पाहणाऱ्या गृहस्थाला ती सापडत नाही याचे साधे कारण असे की, त्या नावाची स्त्री आता कोठेच राहत नाही. त्याचे नाव मात्र शाळेच्या हजेरीपटावर होते तेच बँकेच्या पासबुकावर आहे. फेसबुक आल्यानंतर हजारो मराठी स्त्रियांनी आपल्या नव्या नावाच्या मध्येच माहेरचे नाव घातले. तो केवळ मैत्रिणींनी ओळखावे म्हणून केलेला उपाय नव्हता. गेलेल्या आयुष्याचा एक तुकडा त्यांनी त्या निमित्ताने परत मागून घेतला.

जागेने तोडलेली मने

मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे जागेचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. राहत्या भाडेकरूला त्याने संरक्षण दिले. पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे मालकांना परवडेनासे झाले. गिरगाव, दादर, लालबाग येथील खोल्यांत तीन-तीन पिढ्या दाटीवाटीने राहिल्या आणि ज्यांना वेगळा संसार मांडायचा होता त्यांना पागडी किंवा मालकीची सदनिका एवढेच मार्ग उरले. म्हणून माणसे बोरिवली, मुलुंड आणि त्याही पलीकडे सरकत गेली. लग्नाला मुलगा पसंत असे, मुलगी पसंत असे, नोकऱ्याही असत. फक्त जागा नसे. ‘जागा झाली की करू’ या एका वाक्यावर किती विवाह लांबले आणि किती कायमचे राहून गेले, त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही.

हिंदी चित्रपटसृष्टीने ही वेदना एकदा नेमकी टिपली होती. भीमसेन यांच्या ‘घरौंदा’ (१९७७) या चित्रपटात अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांनी उभे केलेले तरुण-तरुणी एकाच कचेरीत काम करतात, पै-पै साठवून सदनिकेसाठी पैसे भरतात आणि फसवले जातात. मग तोच तिला सुचवितो की, तिने वयस्क, आजारी आणि धनवान मालकाशी लग्न करावे. डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला हा मालक काही फार दिवसांचा सोबती नाही, असा त्याचा हिशेब असतो. हिशेब चुकतो. ती त्या घरात रुळते, त्या माणसाबद्दल तिला आपुलकी वाटू लागते आणि जुन्या प्रियकराकडे परतण्याचे ती नाकारते. त्या काळच्या मुंबईकर प्रेक्षकाला ही कथा अतिरंजित वाटली नाही. जागेपायी प्रेमाचा सौदा होऊ शकतो, हे त्याने आपल्याच मजल्यावर पाहिलेले होते.

अर्थात प्रत्येक वेळी दोष जागेचाच होता असे मात्र नव्हे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या वस्त्यांत मराठी आणि गुजराती कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहत आली. गणेशोत्सवातील एकांकिका आणि नवरात्रातील गरबा यांनी तरुण मुलामुलींना एकत्र आणले. पुढे गोष्ट लग्नापर्यंत आली की जात आठवे, भाषा आठवे, ताटातला पदार्थही आठवे. जागेची अडचण चारचौघांत सांगता येत असे. जातीची सांगवत नसे. म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या कारणाने पहिल्याचा बुरखा पांघरला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग खुला होता. पण विवाहाआधी तीस दिवसांची जाहीर नोटीस लागण्याची त्यातली अट घरच्यांना सुगावा लागण्यास पुरेशी होती.

या ताटातुटींचे एक वैशिष्ट्य होते. त्यांत भांडण नव्हते. एक कुटुंब पश्चिम रेल्वेच्या मार्गावर राहावयास गेले, दुसरे मध्य रेल्वेच्या. मधे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आले. बोरिवलीच्या मुलाने मुलुंडच्या मुलीला भेटायचे तर दोघांनी उलट दिशेने दादर गाठायचे, किंवा अंधेरी-घाटकोपर रस्त्यावर बसमध्ये ताटकळत बसायचे. घरी दूरध्वनी नसे. शेजाऱ्यांकडे असला तर बोलणे साऱ्या मजल्याला ऐकू जाई. भेटी विरळ होत गेल्या, मग पत्रिकाच आली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि बारा स्थानकांच्या त्या मार्गाने दोन्ही उपनगरांतले अंतर वीस-बावीस मिनिटांवर आणून ठेवले. तोवर त्या पिढीची मुले लग्नाच्या वयाची झाली होती.

भांडून तुटलेले नाते निदान पुरे तरी होते. न भांडता सुटलेले अर्धेच राहते. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ मध्ये असे दाखवून दिले होते की, पूर्ण केलेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामे माणसाच्या अधिक स्मरणात राहतात. तिचे प्रयोग साध्या कोड्यांचे आणि हस्तकामाचे होते आणि पुढे सर्वांनाच तसा निष्कर्ष मिळाला असेही नाही; त्यामुळे प्रेमाला तो नियम जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. परंतु उपनगरातील कित्येक मध्यमवयीनांच्या मनात एखादी अर्धवट राहिलेली संध्याकाळ अजून का टिकून आहे, याची काहीशी कल्पना त्यावरून येते.

कोण कसे आठवते?

स्त्रिया आणि पुरुष आपल्या पूर्वीच्या जोडीदाराकडे सारख्याच दृष्टीने पाहतात काय? ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पूर्वीच्या जोडीदाराविषयी पुरुषांचे मत स्त्रियांच्या मानाने अधिक अनुकूल असल्याचे त्यांना आढळले. साधारण समज याच्या उलट आहे. पुरुष सहज विसरतो आणि स्त्री जन्मभर उराशी बाळगते, हे आपल्या नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी इतक्या वेळा सांगितले आहे की ते सिद्धच आहे असे वाटावे. ग्राझचा अभ्यास युरोपातील तरुणांचा आहे. तो येथील समाजाला लावताना सावधगिरी हवीच. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न येथेही विचारण्याजोगा आहे.

पुरुषाची आठवण बहुधा मऊ असते, याचे एक कारण त्याच्या एकटेपणात आहे. गाडीतला गट, कचेरीतले सहकारी, इमारतीच्या समितीतले सोबती एवढा गोतावळा असूनही मनातले बोलावे असे माणूस त्याला क्वचितच मिळते. क्रिकेट, राजकारण आणि बढती यांपलीकडे त्या मैत्रीची मजल जात नाही. ज्या एका व्यक्तीपाशी त्याने कधी काळी आपली भीती आणि स्वप्ने बोलून दाखविली, ती बहुधा ती मुलगीच होती. तिच्याबरोबर त्याचा तो श्रोताही गेला. शिवाय आठवणीतली ती वाढत नाही, थकत नाही, मुलाच्या शुल्काची तारीख विचारीत नाही. तिच्या निमित्ताने त्याला आठवतो तो वीस वर्षांचा, केस विरळ न झालेला आणि काहीही करू शकेल असा वाटणारा स्वतःचाच चेहरा.

स्त्रीची आठवण याहून कठोर असण्याला तितकेच सबळ कारण आहे. त्या प्रेमाची किंमत दोघांनी सारखी मोजलेली नव्हती. प्रकरण घरी कळले तेव्हा त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागले असतील. तिचे महाविद्यालय बंद झाले, बाहेर जाणे बंद झाले, प्रसंगी मारही बसला आणि तीन महिन्यांत मिळेल त्या स्थळाशी तिचे लग्न लावून देण्यात आले. त्या तीन महिन्यांत तो कोठे होता, हा प्रश्न तिच्या आठवणीला कायमचा चिकटलेला असतो. ‘आईला विचारून सांगतो’ एवढेच तो म्हणाला असेल, तर त्याने आयुष्यभर तिच्यावर मनातल्या मनात कितीही कविता केल्या, तरी तिला त्यांचे फारसे कौतुक वाटण्याचे कारण नाही. तो तिला हरवलेली म्हणून आठवतो. तिला मात्र तो न आलेला म्हणून आठवतो.

आणि तिला बोलण्यासाठी जागा आहे. लोकलचा महिलांचा डबा ही उपनगरातील स्त्रीची एकमेव खाजगी बैठक होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठी गाडी सुरू केली, ती गर्दीच्या सोयीसाठी. पण अशा गाड्यांतून भाजी निवडली जाते, डोहाळजेवणे होतात, हळदीकुंकू होते आणि घरी ज्याचा उच्चारही करता येत नाही ते वांद्रे आणि बोरिवली यांच्या दरम्यान बोलून मोकळे होता येते. बोललेली आठवण हलकी होते. पुरुषाची न बोललेली आठवण मनात मुरत राहते.

साहित्यानेही हा भेद जोपासला. माधव ज्यूलियनांचे ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य १९२६ साली आले आणि असफल प्रीती हा सुशिक्षित तरुणांच्या पिढीचा प्रतिष्ठित भाव बनला. लोकापवाद खुद्द ज्यूलियनांनाही चुकला नाही, हे खरे. पण त्यांनी लिहिले ते स्वतःच्या ठरविलेल्या कविनामाने आणि उघडपणे. त्यानंतर सातच वर्षांनी, १९३३ मध्ये, शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट सांगणारा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा महाराष्ट्रात खळबळ उडाली. लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ या नावाच्या आड उभे राहावे लागले आणि ही बाई कोण, याचीच चर्चा पुस्तकाहून अधिक झाली. पुरुषाचा विरह वाचकांनी पाठ केला. स्त्रीच्या निःश्वासाचा मात्र पत्ता विचारला.

आठवण की मालकी?

इथवरचा भेद हळहळीचा होता. त्यापुढची गोष्ट भयंकर आहे. जुन्या प्रेमाची आठवण ठेवण्याचा हक्क सर्वांना आहे. परंतु आठवण म्हणजे मालकी नव्हे, ही साधी गोष्ट आपल्या मुलांना शिकविण्यात समाज कमी पडला आहे. १९९० मध्ये उल्हासनगर येथे दहावीच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीला भर वर्गात पेटवून देण्यात आले. २०१३ मध्ये नोकरीवर रुजू होण्यासाठी मुंबईत आलेल्या एका तरुण परिचारिकेवर वांद्रे टर्मिनसवर ॲसिड फेकण्यात आले आणि त्यात तिचा अंत झाला. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाट येथे एका प्राध्यापिकेला रस्त्यात जाळण्यात आले. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी ‘एकतर्फी प्रेम’ असा शब्द वापरला. वस्तुतः त्यात प्रेम कोठेच नव्हते. नकार ऐकण्याची सवय नसलेल्या मनाचा तो सूड होता. ‘प्रेमभंग’ हा शब्दच असा आहे की, भंग कोणी तरी केला आणि गुन्हेगार ती, असे त्यातून नकळत सूचित होते.

१९९० नंतर कायद्याने काही पावले टाकली. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि इंटरनेटवरून तिच्यावर पाळत ठेवणेही त्यात आले; भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा कायम आहे. एके काळी विश्वासाने दिलेले छायाचित्र संबंध तुटल्यावर धमकीचे हत्यार बनते, हा या युगाने घातलेला नवा घाव आहे. पूर्वी पत्रे परत मागण्याची पद्धत होती आणि सभ्य माणसे ती परत करीत. आज परत करण्याजोगे काहीच उरत नाही, कारण प्रत किती ठिकाणी आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

कायद्याची दुसरी बाजूही नजरेआड करता कामा नये. लग्नाचे खोटे वचन देऊन संबंध ठेवणाऱ्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फसविल्या गेलेल्या स्त्रीला हा आधार आवश्यकच आहे. तथापि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दीर्घकाळ परस्परसंमतीने चाललेले संबंध बिनसल्यावर त्यांना गुन्ह्याचे रूप देण्याच्या वाढत्या प्रवृत्तीबद्दल चिंता व्यक्त केली. मोडलेला शब्द आणि मुळातच खोटा शब्द यांत अंतर आहे. तो फरक न्यायालयाला पुराव्यावरून करता येतो. संतापलेल्या मनाला तो करता येत नाही. प्रेम संपले याचा राग कितीही खरा असला, तरी प्रत्येक रागाला कलम नसते आणि असूही नये.

घटस्फोटितांची तर गोष्टच निराळी. त्यांना ‘पूर्वीच्या’ माणसाला विसरण्याची मुभाच नसते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली, १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली आणि १९८९ पासून मुंबईतही ते काम सुरू झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या प्रतीक्षेची अट योग्य प्रकरणी शिथिल करता येईल, असे सांगितले. नाते संपविण्याची वाट अशी हळूहळू सुकर होत गेली. संपल्यानंतर कसे वागावे, हे मात्र कोणत्याच कायद्यात नाही. वांद्र्याच्या न्यायालयात शनिवार-रविवारच्या भेटी ठरतात. मग मुलुंडचे मूल अंधेरीला जाते आणि परत येते. दाराशी उभे असलेले दोघे त्या दोन मिनिटांत एकमेकांशी कसे बोलतात, यावर त्या मुलाचा उरलेला आठवडा अवलंबून असतो. गुलजार यांच्या ‘इजाजत’ (१९८७) मध्ये रेल्वेच्या प्रतीक्षागृहात अवचित भेटलेले पूर्वीचे पती-पत्नी रात्रभर बोलतात आणि सकाळी आपापल्या वाटेने जातात. ते सौजन्य पडद्यावर मनोहर वाटते. मुलाच्या शाळेच्या फाटकाशी ते अंगी बाणविणे अधिक अवघड आहे, आणि गरज तेथेच आहे.

एक साधा सभ्यपणा

मग करावे काय? जुने प्रेम हा रोग नव्हे की त्याच्यावर उपचार करावा, आणि ठेवाही नव्हे की तो रोज काढून पुसावा. ते माणसाच्या आयुष्याचे एक पान असते. ते फाडून टाका, असे स्त्रीला सांगायचे आणि पुरुषाने मात्र त्याला सोनेरी चौकट करायची, हा न्याय टिकणारा नाही. आज उपनगरातील मुली बारावीनंतर शिकतात, मिळवतात, स्वतःच्या मर्जीने माणूस निवडतात आणि चुकले तर सोडूनही देतात. त्यांच्यापैकी बहुतेकींना लग्नापूर्वीचे आयुष्य असणार. ते लपवून संसार मांडावा लागला तर तो पहिल्या दिवसापासून खोट्यावर उभा राहील. आणि सांगितल्यावर जर जन्मभर टोमणे ऐकावे लागणार असतील, तर शहाणी मुलगी लपवणेच पसंत करील. तेव्हा प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्याने आधी तो ऐकून घेण्याची तयारी ठेवली पाहिजे.

पण या हक्काबरोबर एक मर्यादाही येते. आपली आठवण ही आपली असते. ज्याची आठवण येते तो माणूस आपला नसतो. तिचा पत्ता शोधून काढणे, तिच्या छायाचित्रांवर नजर ठेवणे, रात्री उशिरा ‘कशी आहेस?’ असा संदेश धाडणे, यात पुष्कळांना भाबडेपणा दिसतो. जिला तो संदेश येतो तिचा नवरा शेजारी असतो, सासू समोर असते, आणि तिने मोठ्या कष्टाने उभारलेल्या दिवसाला त्याने तडा जातो. शाळेचे स्नेहमेळावे जरूर व्हावेत. त्यांत पंचवीस-तीस वर्षांनी माणसे भेटतात, जुन्या शिक्षकांच्या पाया पडतात, कोणी आजारी असेल तर वर्गणीही जमते. त्याच मेळाव्यातून एखाद्या स्त्रीला आपले नाव समूहातून काढून घ्यावे लागते, तेव्हा कोणाच्या तरी हळहळीने मर्यादा ओलांडलेली असते.

मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरून बासू चटर्जींनी १९७४ मध्ये ‘रजनीगंधा’ काढला. दिल्लीची तरुणी मुलाखतीसाठी मुंबईला येते, तिची पूर्वीच्या प्रियकराशी भेट होते आणि तिचे मन हेलकावे खाते. त्या हेलकाव्याबद्दल कथेने तिला शिक्षा दिली नाही, तिला कोणापुढे कबुलीजबाब द्यायला लावला नाही आणि तिच्यावर दयाही दाखविली नाही. ती स्वतःच परतते आणि दारात फुले घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपला म्हणते. एका स्त्रीच्या मनात दोन माणसे असू शकतात आणि तरीही ती स्वतःचा निर्णय स्वतः करू शकते, यावर पन्नास वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाने विश्वास ठेवला होता. पडद्यावरच्या नायिकेवर ठेवलेला तो विश्वास स्वयंपाकघरातल्या बायकोवर, नोकरीवरून परतणाऱ्या मुलीवर आणि घरात येऊ घातलेल्या सुनेवर ठेवण्याइतका हा समाज मोठा झाला आहे काय, हाच खरा प्रश्न आहे.

‘ती सध्या काय करते?’ याचे उत्तर बहुधा अगदी साधे असते. ती सकाळी डबे भरते, आठ-दहाची गाडी पकडते, संध्याकाळी थकून परतते, मुलांचा अभ्यास घेते. मधूनच कधी तिलाही कोणाची तरी आठवण येते. ती आठवण तिला निर्धास्तपणे बोलून दाखविता यावी, निदान निर्धास्तपणे मनात तरी ठेवता यावी, एवढी जागा पाचशे चौरस फुटांच्या घरातही निघू शकते.